घरी कॅन्सरचा रुग्ण असताना मॉर्फीनच्या गोळ्या: मिळवायच्या कशा, द्यायच्या कशा

डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिले की नातेवाईक हमखास दोन चुका करतात. चिठ्ठी घेऊन गावातली सगळी मेडिकल पालथी घालतात. आणि गोळ्या मिळाल्या की ‘अगदीच सहन होईना तर देऊ’ म्हणून कपाटात ठेवतात. पहिल्या चुकीत दिवस वाया जातात. दुसरीत औषध घरात असून रुग्ण कण्हत राहतो. मॉर्फीन घड्याळ लावून दिले तरच नीट काम करते. खालचे आकडे समजून घेण्यासाठी आहेत. डोस ठरवायचा आणि बदलायचा तो डॉक्टरांनीच.

मेडिकलमध्ये का मिळत नाही

मॉर्फीन अफूपासून बनते, म्हणून ते 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली येते. सुरुवातीला हे औषध ठेवायला रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात येत नसे. भारत स्वतः कायदेशीर अफू पिकवतो, तरी इथल्या रुग्णाला मॉर्फीन मिळत नव्हते, ते या कागदांच्या जंजाळामुळे. 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन ही ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ ठरली. 2015 च्या नियमांनुसार राज्याचे औषध नियंत्रक रुग्णालयाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एकच मान्यता देतात. महाराष्ट्रात हे काम एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, पाहते.

तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी वाद घालू नका. तो हा साठा बहुधा ठेवतच नाही. मान्यताप्राप्त संस्था शोधा. आधी जिथे उपचार चालू आहेत तिथेच विचारा: ‘तुमच्याकडे पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे का? नसेल तर जवळचा कोणता?’ पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्याचे उपचार. मुंबईत टाटा मेमोरियल, पुण्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यात लोटलीला शांती अवेदना सदन ही ओळखीची ठिकाणे. जिल्ह्याच्या ठिकाणी असाल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर ओपीडीची चौकशी करा. निघण्याआधी त्यांच्या औषध विभागाला फोन करून दोनच प्रश्न विचारा: 10 मिलिग्रॅमच्या साध्या (चार तास टिकणाऱ्या) गोळ्या सध्या आहेत का, आणि औषध कोणत्या दिवशी देतात? साठा संपलेला असणे ही नेहमीची अडचण आहे. ती फोनवर कळलेली बरी.

बाहेरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या संस्था सहसा थेट गोळ्या देत नाहीत; आधी त्यांच्याकडे नोंदणी करावी लागते. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांच्या स्ट्रिपा, रुग्णाचे व तुमचे आधार कार्ड आणि अलीकडचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या. हा शेवटचा कागद लोक विसरतात आणि डोस ठरवताना तोच सर्वांत जास्त कामाला येतो. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर नातेवाईक जाऊन औषध आणू शकतो का, तेही फोनवरच विचारून घ्या.

किती गोळ्या आणायच्या

रुग्ण दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम घेत असेल तर दिवसाचे 60 मिलिग्रॅम, म्हणजे सहा गोळ्या. दोन आठवड्यांच्या 84. मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठी रोज दोन जादा धरल्या तर आणखी 28. एकूण 112 गोळ्या, म्हणजे 1.12 ग्रॅम मॉर्फीन. कायद्यात मॉर्फीनची ‘अल्प मात्रा’ 5 ग्रॅमपर्यंत आहे आणि ‘व्यावसायिक मात्रा’ 250 ग्रॅमच्या पुढे. पण त्या आकड्यावर विसंबू नका. अल्प मात्रा म्हणजे गुन्हा नाही असे नव्हे, फक्त शिक्षा कमी. तुमच्याकडच्या गोळ्या कायदेशीर ठरतात त्या रुग्णाच्या नावाच्या चिठ्ठीमुळे आणि संस्थेच्या नोंदवहीतल्या नोंदीमुळे. म्हणून गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, डबीत सुट्या भरू नका. रुग्णाला मुंबईहून गावी नेताना चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड हाताशी असू द्या. गोळ्या कुरिअरने कधीही पाठवू नका. शेजारच्या दुखणाइताला ‘आमच्याकडे उरल्यात’ म्हणून देणे हा सरळ गुन्हा आहे, आणि त्याच्या जिवालाही धोका. परदेशी जायचे असेल, विशेषतः आखाती देशांत, तर तिकिटाआधी त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी परवानगीचे नियम विचारा.

देण्याची पद्धत

साधी गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या तासात असर सुरू होतो आणि साधारण चार तास टिकतो. म्हणून वेळा अशा: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10. रात्रीचा शेवटचा डोस डॉक्टर बहुधा दुप्पट लिहितात, म्हणजे पहाटे 2 ला उठवावे लागत नाही. दुखो वा न दुखो, गोळी वेळेवर. वेदना डोके वर काढल्यावर तिला दाबायला जास्त औषध लागते, आणि रुग्णाचे सगळे लक्ष पुढच्या गोळीकडे लागून राहते. घरच्यांना मग वाटते की ‘याला चटक लागली’. खरे तर डोस अपुरा किंवा उशिरा पडलेला असतो.

मोठ्या माणसाला सुरुवात साधारण 5 ते 10 मिलिग्रॅमने होते. वयस्कर, अशक्त किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना 2.5 ने. मध्ये वेदना उसळली तर एक जादा डोस, चार तासांच्या डोसाएवढाच, आणि त्यानंतरची ठरलेली गोळी तिच्या वेळेवरच. जादा दिली म्हणून पुढची गाळायची नाही. उलट, एखादी वेळ चुकली तर पुढे दोन एकदम द्यायच्या नाहीत.

एक वही घाला: वेळ, किती दिली, शून्य ते दहापैकी दुखणे किती, शौचास झाली का. डोस वाढवण्याचा हिशेब यातूनच निघतो. समजा ठरलेले 60 मिलिग्रॅम, वर 10 च्या तीन जादा गोळ्या लागल्या. एकूण 90. सहाने भागले की 15. पुढचा डोस दर वेळी 15 मिलिग्रॅम, म्हणजे दीड गोळी. वही नसेल तर डॉक्टरांना अंदाजाने वाढवावे लागते आणि ते सावधपणे कमीच वाढवतात. ट्रामाडॉल या मॉर्फीनपेक्षा सौम्य वेदनाशामकाला दिवसाला 400 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, मॉर्फीनला तशी ठरीव कमाल मर्यादा नाही. वेदना आणि दुष्परिणाम पाहून डोस बसवत न्यायचा. मॉर्फीन सुरू झाल्यावर ट्रामाडॉल चालू ठेवण्यात अर्थ नसतो, पॅरासिटामॉलला मात्र असतो.

डोस बसला की बारा तासांची ‘एसआर’ गोळी मिळू शकते. ती तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही. कुटली की बारा तासांचे औषध एका दमात अंगात उतरते. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण पुष्कळ, आणि त्यांतल्या अनेकांना नाकातल्या नळीवाटे सगळे द्यावे लागते, त्यामुळे हा धोका इथे खराच आहे. नळी असेल तर साधीच गोळी मागा: बारीक करून 10-15 मिलिलीटर पाण्यात विरघळवायची, नळीतून सोडायची, मागून 20-30 मिलिलीटर स्वच्छ पाणी.

जिथे बहुतेक घरांत गाडी अडते

बद्धकोष्ठ. मळमळ आठवड्याभरात बहुधा ओसरते, गुंगी दोन-तीन दिवसांत उतरते. मॉर्फीनने आतड्याची चाल मंदावते ती मात्र औषध चालू असेपर्यंत. म्हणून रेचक पहिल्याच दिवशी सुरू होते. सहसा बिसाकोडिल 10 मिलिग्रॅम रात्री, जोडीला लॅक्टुलोज. चिठ्ठीत रेचक नसेल तर तिथेच विचारा. इसबगोलवर भागवू नका. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाच्या पोटात त्याचा लगदा होऊन अडते. तीन दिवस शौचास झाली नाही तर डॉक्टरांना फोन. आणि एक फसवी गोष्ट: घट्ट मळाचा खडा अडकलेला असताना त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात, ते रेचक थांबवतात आणि खडा आणखी घट्ट होतो. बरेच दिवस अडलेले असताना एकाएकी पातळ होऊ लागले तर आधी तपासून घ्या.

मळमळीसाठी पहिल्या आठवड्यापुरते मेटोक्लोप्रामाइड दिले जाते. उलटीत गोळी दिसली तरच डॉक्टरांना विचारून ती पुन्हा द्या. सुरुवातीची झोप पाहून घाबरू नका, कित्येक रात्रींची राहिलेली झोप रुग्ण भरून काढत असतो. हाक मारली की जागा होतो, ओळखतो, बोलतो, एवढे पाहा.

हाकेने किंवा हलवूनही जाग येत नाही, श्वास पूर्ण मिनिट मोजला तर आठपेक्षा कमी भरतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, असे असेल तर पुढचा डोस थांबवा आणि 108 ला फोन करा. रुग्णालयात यावर नॅलॉक्सोनचे, म्हणजे मॉर्फीनचा असर उलटवणारे, इंजेक्शन असते. आधी काही दिवस हातपाय दचकल्यासारखे उडणे, असंबद्ध बोलणे दिसले तर डॉक्टरांना लगेच कळवा. मॉर्फीनचे अवशेष मूत्रपिंडातून बाहेर पडतात. उलट्या, जुलाब किंवा उन्हाळ्यात पाणी कमी गेल्याने लघवी घटली की कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त होतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम वगैरे) यांनी श्वास आणखी मंदावतो, म्हणून घरात आधीपासून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

डोस वाढवूनही चटका, करंट, मुंग्या अशी वेदना राहत असेल तर ती नसेची असते. तिला प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन लागते. हाडातल्या गाठीच्या दुखण्यावर रेडिएशनने पुष्कळ आराम पडतो. मॉर्फीनच वाढवत बसल्याने फक्त झोप वाढते.

रेडिएशननंतर दुखणे कमी झाले तर मॉर्फीन एकदम बंद करू नका. अंगदुखी, घाम, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. शरीराला औषधाची सवय झालेली असते, ते व्यसन नव्हे. डॉक्टर काही दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवतात.

पट्टी आणि उरलेले औषध

गिळता येत नसेल तर फेंटानिलची त्वचेवर चिकटवायची पट्टी देतात. 25 मायक्रोग्रॅमची पट्टी दिवसाच्या साधारण 60 ते 90 मिलिग्रॅम तोंडी मॉर्फीनच्या तोडीची असते, त्यामुळे आधी मॉर्फीन न घेतलेल्याला ती लावत नाहीत. असर चढायला 12 ते 24 तास लागतात. तोवर आधीचे औषध कसे द्यायचे ते लिहून घ्या. बदल 72 तासांनी, दर वेळी नव्या जागी. पट्टीवर तारीख-वेळ लिहा. पट्टी कापू नका, तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त शोषले जाते, म्हणून ताप चढला तरी डॉक्टरांना सांगा.

गोळ्या कुलपात ठेवा, लहान मुलांच्या हाती एकही लागता कामा नये. उरलेल्या गोळ्या जिथून आणल्या त्या संस्थेला परत करा आणि किती परत केल्या ते केसपेपरवर लिहून घ्या. ते शक्यच नसेल तर कचऱ्यात न टाकता शौचकुपात टाकून पाणी सोडावे, अशी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची या गटातल्या औषधांसाठी सूचना आहे. वापरलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते; चिकट बाजू आत दुमडून तिचीही तशीच विल्हेवाट लावा.