सेवेचा फेर मोडू नये म्हणून

नाताळच्या आठवड्यात ब्लँकेट वाटायला चर्चच्या मंडळीतले पंचवीस जण असतात. शिमग्यापर्यंत तिघे उरतात, आणि तेही एकमेकांवर चिडलेले असतात. विश्वास कमी पडला, असे मग उपदेशातून ऐकू येते. आमच्या मते बहुतेक वेळा कमी पडते ती आखणी.

बायबलमध्ये लूकच्या 10 व्या अध्यायातला शोमरोनी नीट वाचा: वाटेत लुटून टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणारा प्रवासी. त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, जखमी माणसाला आपल्या जनावरावर घेतले, उतारशाळेत एक रात्र त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी. जास्तीचा खर्च परत येताना देईन असे सांगितले आणि तो आपल्या वाटेला लागला. त्याने प्रवास सोडला नाही, नवी उतारशाळाही काढली नाही. हाताशी होते तेवढे दिले, पुढचे काम दुसऱ्याकडे सोपवले आणि परत यायचा शब्द दिला. शेजारसेवेची आखणी याच मापाची असावी.

ऊस ज्यांच्या घरी आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाणी फेराने द्यावे लागते. एका दिवसात रान तुंबवले म्हणून पुढचा फेर चुकवता येत नाही.

माणसे आणि वार

आठ माणसे मिळाली की सुरुवात करा, वीस जमायची वाट पाहू नका. चार जोड्या पाडा आणि महिन्याचे चार शनिवार वाटून घ्या. एका जोडीला महिन्यातून एकदाच पाळी येते, तीन-चार तासांची. पाचवा शनिवार आला तर सुट्टी. येशूने शिष्यांना दोघे-दोघे पाठवले (मार्क 6:7), त्यात व्यवहारही आहे: एकाला ताप आला तरी काम थांबत नाही, आणि कोणाच्या घरी एकट्याने गेल्यावर उठणारे प्रश्न उठत नाहीत. नवरा-बायकोची जोडी शक्यतो करू नका. घरात पाहुणे आले की दोघेही एकदम गळतात. एक जाणता आणि एक तरुण संघातला, अशी जोडी सर्वांत टिकते.

काम एकच निवडा. एक गल्ली, किंवा एक वॉर्ड, किंवा एकट्या राहणाऱ्या पाच वृद्धांची घरे. ‘गरजूंना मदत’ हे काम होत नाही, कारण ते कधी झाले आणि कधी राहिले हे कोणालाच सांगता येत नाही. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, पाळीत धरू नका. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात वेगळी माणसे नेमली, ती याचसाठी.

सीपीआरमध्ये जेवण नेणार असाल तर

कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडीकडून रुग्ण येतात. रुग्णासोबत आलेला माणूस दिवसचे दिवस आवारात काढतो. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून परवानगी, जागा आणि वेळ ठरवून घ्या. जेवण नातेवाइकांना द्यायचे, रुग्णाला नाही. कोणाला शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेले असते, कोणाला मीठ बंद असते, आणि हे बाहेरून कळत नाही.

पंचवीस जणांच्या मुगाच्या खिचडीला तांदूळ 2 किलो, मुगाची डाळ 1 किलो, कांदा 1 किलो, तेल पाव लिटर आणि हळद दोन चमचे लागते. मीठ आधी 80 ग्रॅम घाला आणि चव बघून वाढवा. पाणी एकूण 10 लिटर धरा, पण त्यातले एक लिटर उकळून थर्मासमध्ये वेगळे न्या. खिचडी वाटेत आळते आणि डाव उभा राहतो. वाढताना हे पाणी घालून ती सैल करावी लागते. पातेले 20 लिटरचे हवे, त्याहून लहान घेतले तर उतू जाते. कांदा-लसूण चटणी वेगळी न्या, आत घालू नका. आपल्याला चालणारे तिखट दोन रात्री जागलेल्या पोटाला चालेलच असे नाही. ओले खोबरे अजिबात नको.

बिघडते ते बहुतेक वेळेच्या चुकीने. तांदळात काही जिवाणूंचे बीज असते, ते शिजवूनही मरत नाही आणि भात कोमट झाला की वाढते. म्हणून खिचडी गरम असतानाच झाकणाच्या डब्यात भरा आणि चुलीवरून उतरवल्यापासून दोन तासांत वाटून संपवा. उरलेली संध्याकाळी दुसरीकडे वाटण्याचा मोह होतो. वास चांगला असला तरी वाटू नका.

खरे तर खिचडीपेक्षा जास्त उपयोग कागदांचा होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागते. गावाकडून घाईत आलेल्या माणसाकडे यातले एखादे नसतेच. जोडीतल्या एकाने वाढावे आणि दुसऱ्याने विचारावे, “कागद सगळे आहेत का? आरोग्यमित्राला भेटला का?” आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात बसणारा या योजनेचा मदतनीस; त्याच्या टेबलापर्यंत सोबत जाणे हीसुद्धा सेवाच. अर्ज मात्र तुम्ही भरू नका. चुकलेल्या नावाची जबाबदारी आपल्यावर येते, आणि निस्तरावे त्यांनाच लागते.

घरभेट

वीस मिनिटे पुरतात. आधी फोन करा, चहाला एकदा नको म्हणा, दुसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्या. औषधे किती दिवसांची उरली आहेत ते विचारा, गॅसची नळी जुनी दिसली तर सांगा, बल्ब बदलायचा असेल तर बदला. आजी बोलत असतील तर ऐका. त्यांच्या तक्रारीवर लगेच बायबलचे वचन काढून ठेवू नका. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, बोलायला लागले आणि घसरले.

प्रार्थना करू का, असे विचारायचे ते एकदाच. नको म्हटले तर विषय संपला, आणि पुढच्या शनिवारी तितक्याच आपुलकीने जायचे. जेवणासोबत किंवा मदतीसोबत पत्रक ठेवायचे नाही. मदत घेणाऱ्याला ती अट वाटते, मग तुम्ही काहीही म्हणा. फोटोही काढायचे नाहीत. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे येशूने सांगितले (मत्तय 6:3), ते मोबाइललाही लागू आहे.

पैसे

एक वही, दोन सह्या. दानार्पणातून किती मिळाले, तांदूळ कुठून आणला, बिल कुठे चिकटवले, एवढे पुरे. दर महिन्याला मंडळीच्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांच्या सभेत वही उघडी ठेवा. रोख रक्कम कोणालाही देऊ नका; औषध दुकानाचे किंवा शाळेचे बिल थेट भरा. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याची विनंती हमखास येते. नाही म्हणा, आणि पहिल्याच दिवशी म्हणा. नीतिसूत्रांच्या 6 व्या अध्यायात शेजाऱ्याला जामीन राहण्याविषयी स्पष्ट इशारा आहे. गलतीकरांच्या पत्रात एकमेकांची ओझी वाहा असे सांगून (6:2) तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही म्हटले आहे (6:5). मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. आजारपण, पूर, मृत्यू ही ओझी वाटून घ्यायची. दरमहाचा घरखर्च हा ज्याचा त्याचा भार.

पावसाळा

जूनच्या आधीच आपल्या यादीतली तळमजल्यावरची घरे वेगळी लिहा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 39 ची बातमी आली की त्याच दिवशी घरे फिरायची: पंधरा दिवसांची औषधे, चष्मा, बँकेचे पासबुक आणि आधार प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि कोणत्या नातेवाइकाकडे जायचे ते ठरलेले. 43 ची वाट पाहिली तर रस्ते बंद होऊ लागतात. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. पाण्यात स्वतः उतरू नका, ते काम महापालिका आणि बचाव पथकाचे. तालमीची पोरे आधीच धावलेली असतात, त्यांच्याकडे जाऊन काय कमी आहे ते विचारा. वेगळा झेंडा लावायची गरज नाही.

आपले काम पाणी ओसरल्यावर सुरू होते. गाळ ओला आहे तोवर काढला तर फावड्याने निघतो, वाळला की दगडासारखा होतो. फावडी, घमेली, खराटे आणि रबरी बूट आणा. पायाला जखम असेल त्याने गाळात उतरू नये, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती असते. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना गाळात काम केल्याचे आवर्जून सांगायचे. जुने कपडे गोळा करू नका, त्यांचे ढीगच पडतात. नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, चादरी आणि फिनेल यांचीच टंचाई असते.

मन आटले तर

कधी तरी प्रार्थना कोरडी होते आणि शनिवार नकोसा वाटतो. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले. तेव्हा थकलेल्याला आधी दोन पाळ्या सुट्टी द्या, त्याची जागा बदलीच्या माणसाने घ्यावी, आणि त्याला वचन पाठवण्याऐवजी घरी जेवायला बोलवा. त्याने स्वतः रोज एक स्तोत्र वाचावे, ठरलेल्या जागी, मोठ्याने. दीडशे स्तोत्रे पाच महिने पुरतात. 13 वे आणि 88 वे टाळू नका. देवाकडे तक्रार करायचे शब्द तिथेच मिळतात.

फळ दिसत नाही म्हणून सोडणारेही असतात. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, आणि इथल्या कामाला प्रेस्बिटेरियन मंडळाचे छत्र मिळाले ते 1870 मध्ये. आडसाली उसालाही दीड वर्ष लागतेच की.

वर्षातून एकदा, सप्टेंबरअखेर, आठही जणांनी वही घेऊन बसावे आणि पुढे चालवायचे की थांबवायचे ते मोकळेपणाने ठरवावे. थांबवायचे ठरले तर प्रत्येक घरी जाऊन महिनाभर आधी सांगा, औषधांची आठवण कोण करणार ते ठरवून द्या, आणि त्यांच्याकडून आलेले डबे परत करा. डबा रिकामा परत करू नये, एवढे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते.