टू-स्ट्रोक डर्ट बाइक: सायलेन्सरमधून गळणारं तेल आणि दगा देणारा ब्रेक – या चुका टाळा

सायलेन्सरच्या टोकाला काळा चिकट थेंब दिसला की बहुतेकांना एकच उपाय सुचतो: पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कमी घालायचं. सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन यांना वंगण मिळतं ते फक्त या तेलातून. पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण ३२:१ म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली तेल, ४०:१ म्हणजे २५ मिली. कंपनीने ३२:१ सांगितलं असताना थेंब थांबावा म्हणून लिटरला १५ मिलीवर आलात, तर थेंब कदाचित थांबेलही, पण त्याआधी पिस्टन जाम होईल. थेंब तेलाचा असला तरी बहुतेक वेळा दोष पेट्रोलचा असतो. हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की ज्वलन थंड पडतं. मग तेल जळत नाही, एक्झॉस्टच्या फुगीर नळीत (चेंबरमध्ये) साचतं आणि सायलेन्सरच्या जोडातून बाहेर येतं. तेल कमी केलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) उलट थोडं जास्तच पेट्रोल जातं.

म्हणून जेटिंग, म्हणजे जेटची मापं बघा, पण योग्य जेटला हात लावा. पाव थ्रॉटलपर्यंतचा कारभार पायलट जेटचा, मधला नीडलचा आणि जवळपास पूर्ण थ्रॉटलचा मेन जेटचा. सह्याद्रीतल्या अरुंद पायवाटांवर दिवसभर पाव थ्रॉटलवर गाडी चालवायची आणि थेंब थांबावा म्हणून मेन जेट लहान करायचा, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. थेंब तसाच राहतो आणि मोकळं मैदान मिळाल्यावर इंजिन तापून बसतं. एका वेळी एकच बदल करा, गाडी चालवा, प्लगचा रंग बघा, मगच पुढचा बदल.

त्याही आधी एअर फिल्टर उघडा. तांबड्या मातीने गच्च भरलेला फिल्टर स्वतःच मिश्रण रिच करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवतो. हवामानही विसरू नका. डिसेंबरच्या गार सकाळी बसवलेलं जेटिंग मे महिन्याच्या दुपारी रिच होतं. कोकणात जुळवलेली गाडी महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, थेंब टाकणारच. उलट वर जुळवलेली गाडी तशीच खाली आणली तर ती लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि लीन गाडी थेंब टाकून इशारा देत नाही. सरळ पिस्टन खाते. इ२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे मिश्रण आणखी लीन होतं, त्यामुळे जेट लहान करताना दोनदा विचार करा.

गाडी सुरू करून दहा मिनिटं आयडलवर घुरघुरत ठेवायची सवयही सोडा. थंड चेंबरमध्ये तेल साचायला एवढं पुरतं. दोन-तीन मिनिटांत इंजिन कोमट झालं की हळू चालवत तापवा.

जेटिंग नीट असूनही थेंब येत असेल, पांढरा दाट धूर आणि जळक्या गिअर ऑइलचा वास येत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील तपासा. ते गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळतं. खात्री करणं सोपं आहे: पुढच्या वेळी ऑइल काढाल तेव्हा मोजा. ७०० मिली घातलं होतं, बाहेर गळती नाही आणि ५५० च निघालं, तर बाकीचं कुठे गेलं हे कळलं. जोडाला बाहेरून सिलिकॉन फासून हे लपवू नका. जोडाचे ओ-रिंग, स्प्रिंग आणि तेल पिऊन ओलं झालेलं सायलेन्सरचं पॅकिंग बदलणं हा खरा उपाय, पण तोही मूळ कारण सापडल्यावरच.

यामाहाच्या आरएक्स १०० वरून डर्ट बाइक बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. या गाडीत तेलाचा वेगळा पंप असतो. पंप चालू ठेवून वर ‘असू दे, सुरक्षित’ म्हणून टाकीतही तेल घातलं की इंजिनात जवळपास दुप्पट तेल जातं. दोन्हींपैकी एकच ठेवा. पंप बंद केला असेल तर प्रत्येक वेळी पेट्रोलमध्ये तेल मिसळायला मात्र विसरू नका.

आता ब्रेक, कारण हा थेंब तिथपर्यंत पोचतो. सायलेन्सर मागच्या चाकाच्या वरच संपतो आणि बऱ्याच डर्ट बाइकवर मागची डिस्कही त्याच बाजूला असते. डिस्कवर तेल उडालं की लोक चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून पुसतात. ते पेट्रोल बाइकच्याच टाकीतलं असेल तर त्यात टू-टी मिसळलेलं असतं! म्हणजे तुम्ही डिस्कला तेल लावताय. ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. तेल प्यायलेले ऑरगॅनिक पॅड घासून किंवा गॅसवर तापवून वापरू नका, नवीन टाका.

टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग फारसं नसतं, त्यामुळे उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. बरेच जण बूट पेडलवर टेकवून ठेवतात आणि डिस्क तापते. पेडलला थोडी मोकळीक नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं (ब्रेकचं फ्लुइड ढकलणाऱ्या भागातलं) परतीचं छिद्र बंद राहतं. तापून फुगलेल्या फ्लुइडला मागे जायला वाट उरत नाही आणि ब्रेक स्वतःच धरू लागतो. असं झालं तर पेडल ओढत बसू नका. थांबा, ब्रेक थंड होऊ द्या आणि पेडलची मोकळीक जुळवा.

पेडल एकदम खाली गेलं तर फ्लुइड उकळलेलं असतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक फ्लुइड नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषून जुनं झालं की १५५ अंशांपर्यंत येऊ शकतं. आपल्या पावसाळ्यानंतर तर फ्लुइड बदलाच. काही जुन्या केटीएमच्या क्लचमध्ये मिनरल ऑइल असतं आणि ब्रेकमध्ये डॉट. बाटल्यांची अदलाबदल झाली की रबर सील फुगून जातात. फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचूनच ओता.

गाडी टेंपोत आडवी टाकून आणल्यावर पुढचा लिव्हर स्पंजसारखा लागला, तर आत हवा शिरलेली असते. हवा काढूनही मऊपणा राहिला तर लिव्हर दाबून हँडलला पट्ट्याने बांधा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पट्टा सोडून दाबून बघा. अजूनही हँडलपर्यंत येत असेल तर मास्टर सिलिंडरचं किट बदलल्याशिवाय गाडी ट्रॅकवर नेऊ नका.