ताडोबाच्या आधी आणि नंतर: नागपुरात गाडीशिवाय कसं राहायचं

पुण्या-मुंबईचे पाहुणे नागपूरला येतात ते बहुतेक वेळा नागपूरसाठी नाही. त्यांना जायचं असतं ताडोबाला, पेंचला, नागझिऱ्याला, फार तर चिखलदऱ्याला. विमानतळावर उतरले की भाड्याची गाडी ताब्यात घेतात, एक रात्र शहरात काढतात आणि पहाटे निघतात. मागच्या हिवाळ्यात माझी मावसबहीण आणि भाऊजी असेच आले. गाडी चार दिवसांसाठी घेतली. पहिला आणि शेवटचा दिवस ती हॉटेलच्या आवारात उभी होती. ताडोबाच्या प्रवेशद्वाराजवळच्या मोहर्लीतही उभीच, कारण कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, खासगी गाडी नेता येत नाही, सफारी वनखात्याने नेमून दिलेल्या जिप्सीतूनच होते. मध्ये एकदा जुन्या शहरातल्या महाल भागात नेली तर बोळात दार घासलं आणि अनामत रकमेतून पैसे कापले गेले. भाडं चार दिवसांचं आणि गाडी खऱ्या अर्थानं चालली ती फक्त जाताना आणि येताना. तो हिशेब मला लागून राहिला.

गाडी रस्त्यावरच्या दिवसांपुरतीच घ्यावी. शहरातले दिवस तिच्याविना जास्त सुखाचे जातात. ते कसं जमवायचं, ते क्रमानं सांगते.

१. सफारीची तारीख पक्की करा, मग मागेपुढे दिवस जोडा

ताडोब्याचा कोअर भाग मंगळवारी बंद असतो, आणि जुलै ते सप्टेंबर पावसाळ्यातही. सफारीचं बुकिंग नावानिशी आणि ओळखपत्रावर होतं, तारीख आयत्या वेळी हलवता येत नाही. म्हणून शहरातला एक मुक्काम सफारीच्या आधी ठेवाच. विमान चुकलं, रेल्वे पाच तास उशिरा आली, तर फटका शहराच्या दिवसाला बसतो, वाघाच्या दिवसाला नाही. दुसरा मुक्काम नंतर ठेवा. पहाटे चारला उठून दोन-तीन सफारी केल्यावर त्याच संध्याकाळी परतीचं विमान पकडणं अंगावर येतं.

हॉटेल शोधण्याआधी दोन तारखा तपासा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा चांगल्या खोल्या मिळणं कठीण. दसऱ्याच्या आसपास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक दीक्षाभूमीला येतात. तो सोहळा बघायचाच असेल तर जरूर या, पण खोली फार आधी ठरवून.

२. आपली दिशा ओळखा

गाडीवाल्या पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत, नारिंगी आणि निळसर, म्हणजे ऑरेंज आणि ॲक्वा. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. त्यांची चार टोकं शहराबाहेर जाणाऱ्या चार रस्त्यांच्या तोंडाशी आहेत.

दक्षिणेचं टोक खापरी, वर्धा रोडवर. बुटीबोरी, वर्धा, चंद्रपूर, म्हणजे ताडोबाही याच बाजूला. उत्तरेचं टोक ऑटोमोटिव्ह चौक, कामठी रोडवर. तिथून कन्हान, मनसर, रामटेक आणि पेंच. पूर्वेचं टोक प्रजापती नगर. तिकडून भंडारा रोड, पुढे नागझिरा. पश्चिमेचं लोकमान्य नगर, हिंगणा रोडवर. समृद्धी महामार्ग शिवमडक्याहून सुरू होतो, तोही शहराच्या याच नैर्ऋत्य अंगाला. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण होणं, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, ११ डिसेंबर २०२२ रोजी.

म्हणजे शहराच्या गर्दीतून गाडी काढायचं काम तुम्ही करायचंच कशाला? सामान थोडं असेल तर मेट्रोनं आपल्या दिशेच्या टोकाला जा आणि गाडी तिथेच मागवा.

३. मुक्काम मेट्रोच्या स्थानकाजवळ

बर्डी (सीताबर्डीला आम्ही बर्डीच म्हणतो) सगळ्यात सोयीची, कारण दोन्ही मार्गिका तिथे, मोरभवनचं शहर बस स्थानक जवळ, बाजार समोर. पण रात्री शांतता हवी असेल, मुलं किंवा म्हातारं माणूस सोबत असेल, तर मी धरमपेठ-शंकरनगर बाजू सुचवेन. शंकरनगर चौक, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज अशी लागोपाठ स्थानकं आहेत, झाडी आहे, रात्री पायी फिरता येतं. वर्धा रोडवरची हॉटेलं विमानतळासाठी चांगली, पण संध्याकाळी बाहेर पडून पायी काही बघावं असं तिथे कमी.

बुकिंग करताना एकच प्रश्न फोनवर विचारा: स्थानकाच्या जिन्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत चालत किती मिनिटं? दहापेक्षा जास्त सांगितली तर मे महिन्यात ते हॉटेल घेऊ नका. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. दुपारची दहा मिनिटंही तेव्हा फार होतात.

४. पोहोचल्याच्या दिवशी

रेल्वेनं आलात तर संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडा, मेट्रोचं नागपूर रेल्वे स्टेशन हे स्थानक त्या अंगाला आहे. तिथून कॉटन मार्केट आणि मग सीताबर्डी. विमानानं आलात तर एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलला खेटून नाही. तेवढ्या अंतरासाठी ऑटो घ्या, बॅगा ओढत चालू नका. मेट्रो रात्रभर धावत नसल्यामुळे उशिराच्या विमानासाठी ॲपवरची टॅक्सी आधीच धरून चाला. ऑटोत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या, उतरताना वाद नको.

५. गाडीविना शहर बघा

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण पाहुणे "नागपुरात बघण्यासारखं काय आहे?" असं विचारतात आणि मला वाईट वाटतं.

सकाळी झिरो माइल फ्रीडम पार्क स्थानकावर उतरा. झिरो माइलचा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे बघा. इंग्रजांच्या काळात भूमापनासाठी हा संदर्भबिंदू उभारला गेला. तिथून चालत अजब बंगला, म्हणजे १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी ते बंद असतं. जाताना वाटेत तर्री पोहे खा. पोह्यांवर हरभऱ्याची तिखट, तेलाचा तवंग आलेली तर्री ओततात. पहिल्यांदा खात असाल तर तर्री वेगळी मागा.

सीताबर्डीचा किल्ला स्थानकाजवळच्या टेकडीवर आहे. १८१७ साली भोसले आणि इंग्रजांची लढाई इथेच झाली. सैन्याच्या ताब्यात असल्यामुळे तो लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. तुमची सफारी त्या दिवसांच्या आसपास असेल तर ही संधी सोडू नका.

दीक्षाभूमीसाठी राहाटे कॉलनी स्थानकावर उतरून ऑटो घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. स्तूपाच्या आत पोकळ, विशाल घुमट आहे, तिथे आवाज आपोआप खाली येतो. निदान एक तास द्या, घाईनं उरकू नका.

दुपारी ऊन असेल तर कॉटन मार्केट स्थानकाजवळच्या गांधीसागर तलावासमोर रमण विज्ञान केंद्र आहे. मुलं तिथून हलत नाहीत. संध्याकाळी सुभाष नगर स्थानकाकडून अंबाझरी तलाव. मेट्रोच्या खिडकीतूनच तळ्याचं पाणी दिसतं, आणि सूर्यास्ताच्या वेळी ते पाहायला मी अजूनही मुद्दाम त्या बाजूची सीट धरते.

जुन्या शहरात, म्हणजे महाल-इतवारीत, गाडी न्यायचीच नाही. चितार ओळी चौक स्थानकावर उतरा. गणपतीच्या आधीचे आठवडे असतील तर चितार ओळीत मूर्ती रंगताना दिसतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलात तर मारबतीची मिरवणूक बघा, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, या गल्ल्यांतूनच निघते. जेवायला सावजी रस्सा. तिखट झेपत नसेल तर तसं आधी सांगा, किंवा पाटवडी-रस्सा मागवून रस्सा बेतानं घ्या. हिवाळ्यात सांबारवडी मिळाली तर सोडू नका. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

६. गाडी घेण्याची सकाळ

स्वतः चालवायची भाड्याची गाडी बहुतेक २४ तासांच्या हिशेबानं मिळते, म्हणून घेण्याची वेळ परतीच्या वेळेवरून ठरवा. ताडोबासाठी सकाळी आठला निघालात तर दुपारच्या सफारीला आरामात पोहोचता. पहाटेची सफारी पहिल्याच दिवशी धरू नका, त्यासाठी नागपूर मध्यरात्रीनंतर सोडावं लागतं आणि जंगलाजवळचे रस्ते अंधारात चालवायचे नसतात.

चारही बाजूंचे, चाकांचे, आतले फोटो काढा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरसुद्धा. फास्टॅगमध्ये पैसे कोण भरणार ते विचारा. गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, ते बघा. स्वतः चालवायला अधिकृतपणे भाड्यानं दिलेल्या गाडीची खूण ती. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात, पण अपघात झाला तर विम्याचं काय, हा प्रश्न तुमच्या गळ्यात पडतो.

घरात कुणाला लांबचं ड्रायव्हिंग आवडत नसेल तर चालकासह टॅक्सी घ्या, फक्त सोडायला आणि आणायला, दोन वेगळ्या फेऱ्या. मधल्या दिवसांचा मुक्काम भत्ता वाचतो. सेवाग्राम बघायचं असेल तर गाडीचीही गरज नाही, नागपूरहून तिथे रेल्वे जाते.

७. परतीचा दिवस

सकाळची सफारी आटोपून दुपारपर्यंत नागपूर गाठा आणि हॉटेलला जाण्याआधी गाडी देऊन टाका. इंधन शहराबाहेरच्या पंपावर भरा. गाडी परत घेणाऱ्यासमोर पुन्हा फोटो काढा आणि अनामत रक्कम कधी परत मिळेल ते लेखी, निदान मेसेजवर घ्या. शेवटचा दिवस पुन्हा मेट्रोचा.

संत्रा बर्फी याच दिवशी घ्या, आधी नाही. ताजी बर्फी उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत दोन दिवस ठेवण्याची वस्तू नव्हे. ताजी संत्री हवी असतील तर ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च. विमानतळावर निघण्याआधी हॉटेलच्या स्वागतकक्षात बॅगा ठेवून बर्डीच्या बाजारात एक चक्कर मारायला दोन तास ठेवा.