सांदण दरीत फोटो: कॅमेरा कोणता, एक्सपोजर किती

साम्रद गावाजवळच्या सांदण या अरुंद दरीत खरी अडचण प्रकाशाची असते. काळा बेसॉल्ट दगड फ्रेमचा बहुतेक भाग व्यापतो, कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर त्याला उजळून राखाडी करायला जातो आणि वरची आकाशाची पट्टी पांढरीफटक पडते. शक्य असेल तर आकाश फ्रेमबाहेरच ठेवा. ते हवंच असेल तर ट्रायपॉडवर २ स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) ३ फ्रेम घ्या आणि नंतर एकत्र जोडा; हेच ब्रॅकेटिंग. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ डेटाच्या फाइलमध्ये घ्या. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर कितीही वेळ उघडं राहो. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा.

सूर्य वरच्या कड्यावर असताना खालच्या भिंतींवर परतून येणारा उजेड सर्वांत चांगला. वालुकाश्माच्या घळीसारखी झळाळी मात्र इथे मिळत नाही, कारण काळा दगड प्रकाश पितो. म्हणून भर पोतावर द्या. ओल्या दगडाची चकाकी पोलरायझर हा लेन्सवरचा फिल्टर कापतो, पण दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो. सावलीतला निळेपणा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ६५०० ते ७००० केल्विनवर ठेवला की निघतो.

कॅमेरा? फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) सावल्या उजळताना नॉइज, म्हणजे दाणेदारपणा कमी, पण १६-३५ मिमी वाइड लेन्ससह वजन जाणवतं. दगडांवरून उड्या आणि कमरेएवढं पाणी पाहता एपीएस-सी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि १०-१८ मिमी लेन्स हीच आमची शिफारस. ब्रॅकेटिंग केलं की फरक फारसा उरत नाही. लेन्स आत बदलू नका. पाण्याच्या टप्प्यात सगळं ड्राय बॅगमध्ये. पावसाळ्यात दरीत उतरूच नका.