नाकातून नळीवाटे जेवण: घरी होणाऱ्या या चुका टाळा

डोक्याला मार लागलेला पेशंट घरी आला की घरचे जीव ओतून करतात, तरी बहुतेक घरांत त्याच त्या चुका दिसतात, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणचट फीड. नळी ब्लॉक होईल या भीतीने डाळीचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी एवढंच जातं. बाइक अपघातातला एक तरुण मुलगा होता, फिजिओवाले म्हणायचे हा साथच देत नाही, मान धरत नाही, आणि घरच्यांनी धरूनच ठेवलेलं की मेंदूच आता एवढाच चालणार. मी सरळ किचनमध्ये गेले तर सिंकशेजारी गाळणीत डाळीचा सगळा चोथा, तो टाकायचा आणि खालचं पिवळं पाणी पेशंटला! अहो, ताकद त्या चोथ्यात होती ना. ६० किलोच्या माणसाला साधारण १५०० ते १८०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रोटीन लागतं रोज, ते पाण्यातून कुठून येणार, मग शरीर स्वतःचेच स्नायू खातं आणि आपण म्हणतो रिकव्हरी नाही. मूगडाळ-तांदूळ मऊ शिजवून मिक्सरला एकदम बारीक, त्यात तेल, मिल्क पावडर, उकडलेलं अंडं, असं सुरू केलं, हळूहळू वाढवत नेलं, आणि काही आठवड्यांत तो आधाराने बसायला लागला. किडनी किंवा शुगरचा त्रास असेल तर प्रमाण डाएटिशियनकडूनच घ्या. आणि दर आठवड्याला वजन करा, नाहीच जमलं तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहा, मी तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहायला लावते.

दुसरी, "दोन चमचे चहाने काय होतंय". होतं! मेंदूच्या मारानंतर घास श्वासनलिकेत गेला तरी कित्येकांना ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे ठसका नाही म्हणजे गिळता येतंय हे डोक्यातून काढा. दोन दिवसांनी ताप, छातीत घरघर, आणि परत आयसीयू. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून होईपर्यंत तोंडाने काही नाही, मावशी कितीही लांबून भेटायला आलेली असो. तोंड मात्र दिवसातून दोनदा साफ करायचंच, कारण घाण लाळ छातीत गेली तरी न्यूमोनिया होतो.

आडवं झोपवून फीड नको, पाठ ३० ते ४५ अंश वर, नंतरही तासभर तशीच. सिरिंजचा दांडा ढकलून पाच मिनिटांत उरकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, सिरिंज धरा, आपोआप उतरू दे, वेळ लागतो तर लागू दे. नाकाजवळ नळीवर मार्करने खूण करा, खूण सरकली तर फीड बंद आणि नर्सला फोन. फीडच्या आधी-नंतर ३० मिली पाणी. अडकलेल्या नळीत तार नको, कोमट पाणी हळूहळू.

गोळ्या फीडमध्ये कालवू नका, आणि लाँग अॅक्टिंग, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटायची नाहीच, डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा. फिटसाठी फेनिटॉईन असेल तर फीडसोबत ते नीट शोषलंच जात नाही, किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

चार-सहा आठवड्यांनंतरही नळी लागणार असेल तर पोटातल्या नळीबद्दल, म्हणजे पेगबद्दल, डॉक्टरांशी बोला. पेग म्हणजे आशा सोडली असं घरच्यांना वाटतं आणि ते महिनोन्महिने नाकातलीच चालवतात, तसं काही नाही, गिळता यायला लागलं की पेगही काढता येते.