आगुंब्याला जाण्याआधी बांधावरची झाडं मोजा

वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस झाला की आम्ही उदगीरकर साल चांगलं म्हणतो. कर्नाटकातल्या आगुंब्याला सरासरी 7000 च्या वर पडतो. तिथल्या वर्षावन संशोधन केंद्रात मी एमएस्सी करताना जुलैत पोचलो, ते बॅगेत दोन जीन्स घेऊन. महिनाभरात एकही धड वाळली नाही.

रोम्युलस व्हिटेकर यांनी 2005 मध्ये हे केंद्र सुरू केलं. किंग कोब्राच्या अंगात छोटा ट्रान्समीटर बसवून त्याच्या मागावर राहण्याच्या कामामुळं ते नावाजलं. मला वाटलेलं, रोज साप दिसणार. दिसला एकदाच, तोही शेपटीकडून. बाकीचे दिवस झाडं मोजण्यात गेले.

रोजचं काम ठरलेलं. चौकट आखायची, प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर टेपनं घ्यायचा, नंबर लिहायचा, पुढच्या झाडाकडं जायचं. झाड उतारावर असेल तर ही 1.3 मीटरची उंची चढाच्या अंगानं धरायची. बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळं फुटली असतील, तर ती संपतात त्याच्या वर घेर घ्यायचा. हे सगळं भर पावसात, पायाला जळवा चिकटलेल्या. पहिला आठवडाभर मला सगळी पानं सारखीच दिसायची. एक झाड मी चुकून दोनदा मोजलं, तर दुसऱ्या खेपेला घेर चार सेंटिमीटर जास्त! काम तपासणाऱ्या मॅडमनी त्या दिवसाचे सगळे आकडे बाद केले.

म्हणून आधी घरीच सराव करा. बांधावर दहा बाय दहा मीटर दोरी आखा, त्यातल्या बाभळी, बोरी, लिंब मोजा. दोन दिवसांनी तेच पुन्हा मोजा आणि आकडे ताडून पाहा. माळावर सगळं उघडं असतं, चूक लगेच सापडते. मी हे परत आल्यावर केलं, उलट्या क्रमानं. आबा बघत होते. "झाडं मोजायचा पगार कोण देतंय रे?"

प्रश्न रास्त होता. शिकाऊ म्हणून जाताना विद्यावेतन आहे की राहण्या-जेवणाचे आपणच भरायचे, हे अर्ज करतानाच विचारा. स्वतःचा प्रकल्प करायचा असेल तर वनविभागाच्या परवानगीसाठी काही महिने हाताशी ठेवा.

वहीत पेन्सिलनंच लिहा, शाई पावसात पसरते. दुर्बीण सिलिका जेलसकट (ओल शोषणाऱ्या पुड्या) घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर भिंगाला बुरशी धरते. जळवांसाठी वेगळे मोजे मिळतात. जळवा लागू नयेत म्हणून हाताला तंबाखू किंवा मलम चोळलं असेल, तर त्या हातानं बेडूक मात्र धरू नका, त्यांची कातडी सगळं शोषून घेते.

मला खरी उपयोगी पडली ती बीदरच्या आजोळची मोडकी कन्नड. सोबतचे स्थानिक मदतनीस साल नखानं खरवडून वास घेत आणि झाडाचं नाव सांगत. ते मी देवनागरीत टिपायचो, रात्री शास्त्रीय नाव शोधायचो. त्या वहीतली निम्मी नावं अजून जुळवायची राहिलीत.