न आवडणारा नायक कसा लिहावा

नायक प्रेक्षकाला आवडलाच पाहिजे असं नाही. तो पुढे काय करतो हे बघायची ओढ लागली की पुरे. म्हणून पटकथेच्या पहिल्या दहा पानांत (एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट) त्याला एकच हाव द्या, आणि ती डोळ्यांना दिसणारी हवी. ‘प्रतिष्ठा’ कॅमेऱ्यात येत नाही, सोन्याची मोहोर येते.

‘तुंबाड’ (२०१८) हा सिनेमा समोर ठेवा; शेवट इथे उघड होतो आहे. १९१८च्या भागात आई एका मोहोरेसाठी झिजते, पोराला मात्र सगळा खजिना हवा असतो. खजिन्याच्या वाड्याकडे परत फिरकायचं नाही हे आईला दिलेलं वचन विनायक मोठेपणी मोडतो. त्याचा राग येतो, तरी आपण श्वास रोखून बघतो. कारण त्याच्याकडे कसब आहे: दोराने खाली उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे करायची, खजिन्याचा लोभी देव हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडायच्या. तुमच्या नायकालाही असं एखादं काम द्या आणि त्याची प्रत्येक पायरी दाखवा.

आता खरं काम. प्रत्येक प्रसंगाशेजारी समासात दोन नोंदी करा: त्याला काय मिळालं, आणि किंमत कोणी मोजली. सलग तीन प्रसंगांत दुसरी नोंद कोरी राहिली, तर तुम्ही त्याची आरती ओवाळायला लागलात. सिनेमाला जे सांगायचं असतं ते या दुसऱ्या नोंदीतच असतं. ‘तुंबाड’मध्ये ती मुलापर्यंत पोचते. १९४७ साली एकेक मोहोर कशाला, हस्तरचा अख्खा लंगोटच आणू, हे विनायकचा मुलगा पांडुरंगच सुचवतो. आणि शेवटी शापित बाप तोच लंगोट पुढे करतो तेव्हा पोरगा तो घेत नाही. लोभावर भाषण न देता तो नकार बोलतो.

बिघडतं कुठे? उत्तरार्धात दुःखी बालपणाचा फ्लॅशबॅक आला की गुन्ह्याला सबब मिळते. शेवटी अचानक अपघात घडवून शिक्षा दिली तर ती लेखकाने दिलेली वाटते. नायकाच्याच कृतीतून ती यायला हवी. संकलनात तर जास्तच जपा: मारहाणीवर स्लो मोशन आणि दमदार पार्श्वसंगीत चढवलं की कागदावरची सगळी टीका पुसली जाते, थिएटरात शिट्ट्या पडतात.

मसुदा तिघांना वाचायला द्या. ‘आवडला का?’ विचारू नका. ‘कुठे उठावंसं वाटलं?’ आणि ‘तो असं का करतो?’ एवढंच विचारा. तिघेही ‘बिचारा’ म्हणाले तर सबब कापा. दुसऱ्या प्रश्नावर तिघेही अडखळले तर पहिल्या दहा पानांकडे परत जा.